नव्या घरात कचऱ्याची जागा



वसंतातल्या या व्यासपीठावर संतवाङ्मयापासून अणुशक्तीपर्यंत अनेक विषय आपण ऐकले असतील. व्यवस्थापकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही ‘कचरा’ असे उत्तर दिले. त्यावर क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग अत्यंत सौजन्याने त्यांनी सुचवले, की विषयाला एखादे बरेसे नाव द्यावे, म्हणजे पत्रिकेत शोभेल. म्हणून पत्रिकेत ‘नव्या घरात कचऱ्याची जागा’ असे छापले गेले. कचरा गेला नाही. त्याला जागा मात्र मिळाली. प्रत्यक्ष इमारतींतही असेच झाले असते, तर आज आम्हाला येथे उभे राहण्याचे कारण नव्हते.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. आम्ही व्यवसायाने घरांचे नकाशे काढणारे. या शहरात आणि शहराच्या कडेच्या गावांत आमच्या कागदावरून उभ्या राहिलेल्या इमारती पुष्कळ आहेत. त्यांपैकी बऱ्याच नकाशांत जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी, एक चिमुकला चौकोन काढून त्यात आम्ही ‘कचरा’ हा शब्द लिहिला आहे. तो चौकोन आम्ही नेहमी सर्वांत शेवटी काढला. सगळ्यांची सोय झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात तो बसवला. नकाशा मंजूर होई, इमारत उभी राही, आणि दोन वर्षांनी सहज म्हणून गेलो तर त्या चौकोनात राखणदाराची सायकल, रंगाचे रिकामे डबे आणि कुणाचा तरी मोडका पाळणा असे. कचरा अर्थातच फाटकाबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर. यात दोष रहिवाशांचा असे आम्ही पुष्कळ वर्षे मानीत होतो. आता तसे मानीत नाही.

आपल्या जुन्या घरांत कचऱ्याची खोली नव्हती, मग आताच ही मागणी का, असा प्रश्न कोणी विचारील. जुन्या घराला परसू होते. मंगळवार पेठेतले असो की कसबा बावड्यातले, घराच्या मागे थोडी उघडी जमीन, एखादे गुरू, चार कोंबड्या आणि उकिरडा असे. उष्टे-खरकटे गुरापुढे, शेणकेर उकिरड्यात, राख भांड्यांना. फाटके लुगडे बोहारणीकडे, रद्दी वाण्याच्या पुड्यांना. उरलेच काय? उकिरडा हा शब्द आज आपण शिवीसारखा वापरतो, पण शेतकऱ्याच्या घरी ती ठेव होती. वैशाखात तो उपसून गाडीने रानात नेत. आम्ही काही जुन्या काळाचे गोडवे गाण्यास उभे नाही. त्या काळच्या माश्या, पटकी आणि प्लेग आम्ही विसरलो नाही. मुद्दा इतकाच, की त्या घराच्या रचनेतच कचऱ्याची वाट आखलेली होती. घर चार मजले वर गेले, परसू नाहीसे झाले, आणि ती वाट मात्र कोणी पुन्हा आखली नाही.

शहररचनाकारांनी या वाटेचा विचार कधी केलाच नाही असे मात्र नव्हे. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. १८९८ साली तेथे सुधारणा-विश्वस्त मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते, हवेशीर चाळी यांचा विचार सुरू झाला. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या मधून जी अरुंद बोळ जाते तिला ‘हाऊसगल्ली’ म्हणतात. ती हवेसाठी, सांडपाण्यासाठी आणि मैला वाहणाऱ्या माणसाने मागच्या मागे यावे-जावे म्हणून होती. आज त्या गल्लीत डोकावून पाहा. वरच्या खिडक्यांतून पडलेल्या पिशव्यांचा थर साचलेला असतो. जी जागा कोणाच्या दारासमोर नाही, जिथे कोणाची नजर जात नाही, ती जागा घाणीची होते. आणि दुसरी गोष्ट अधिक लाजिरवाणी आहे. ती गल्ली अशा समाजाने आखली, की ज्याला कचरा उचलणारा माणूस दृष्टीस पडू नये असे वाटत होते. आमच्या नकाशातला जिन्याखालचा चौकोन हा त्याच गल्लीचा वंशज आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले.

याच्या उलट एक चित्र आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ शहरांची पाहणी करीत हिंदुस्थानभर फिरले. पुढे मुंबई विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापकही झाले. होळकरांच्या इंदुरासाठी त्यांनी केलेला अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला. प्लेगने गांजलेल्या त्या शहरात त्यांनी दिवाळीच्या सुमारास मोठी मिरवणूक काढवली. तीत प्लेगचा राक्षस होता, भलाथोरला उंदीर होता. आणि शहर झाडणारी माणसे स्वच्छ पोषाखात, फुलांनी सजवलेले झाडू घेऊन चालत होती. मिरवणूक अधिक स्वच्छ केलेल्या रस्त्यांवरून जाणार असे आधी जाहीर झाल्यामुळे लोकांनी घरे-गल्ल्या निर्मळ केल्या. त्याच इंदुरात १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण आणि माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसवली. ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. आज देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून इंदुराचे नाव वर्षानुवर्षे झळकते आहे. ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा, रोज ५५० टन पचवू शकणारा कारखाना तेथे २०२२ साली सुरू झाला. तो कारखाना चालतो, कारण घराघरातून ओले आणि सुके वेगळे होऊन येते. काचेचे तुकडे आणि केळीची साले एकत्र आली, तर जगातले कोणतेही यंत्र तोंड वेडेवाकडे करील.

आता आपल्या करवीरनगरीकडे येऊ. येथील नगरपालिका १८५४ सालची; १९७२ साली ती महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या घरात होती. माणशी रोजचा कचरा साडेतीनशे ग्रॅम धरला, तरी दर दिवशी १९० टनांच्या आसपास माल निघतो. कसबा बावड्याच्या बाजूला लाईन बाजारात झूम प्रकल्पाजवळ किती वर्षांचा डोंगर साठला, तो किती वेळा पेटला आणि त्याचा धूर कोणाच्या घरात गेला, हे बावडेकरांना विचारावे. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. तेथील आग २०१६ च्या जानेवारीत अशी भडकली की शहरावर धुराचे सावट पसरले. पुण्याच्या कचऱ्याने उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचे पाणी नासले, तेव्हा गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. शहराचा कचरा नेहमी दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातो. त्याला आपण ‘विल्हेवाट’ असे भारदस्त नाव देतो.

पण आमचा विषय डोंगराचा नाही, त्याच्या उगमाचा आहे. नवी घरे आज कोठे होत आहेत? पाचगाव, कळंबा, उचगाव या बाजूंना जाऊन पाहा. कालची उसाची राने आज बिनशेती झाली आणि तेथे सोळा-सोळा, वीस-वीस बिऱ्हाडांच्या इमारती उभ्या राहिल्या. शहराची हद्द वाढावी की न वाढावी, हा वाद येथे इतका जुना आहे की त्यात पडण्याची आमची हिंमत नाही. त्यातून मार्ग म्हणून २०१७ साली भोवतालच्या ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. तेथे झाले असे, की नकाशा मंजूर करणारे कार्यालय एक, आणि त्या इमारतीचा केर उचलण्याची जबाबदारी गावच्या ग्रामपंचायतीवर. ज्याने केर उचलायचा त्याला नकाशा कोणी दाखवत नाही. ज्याने नकाशा पाहायचा त्याला केर उचलावा लागत नाही. एका ग्रामपंचायतीच्या पदाधिकाऱ्याने आम्हाला विचारले, “साहेब, तुम्ही कागदावर दोनशे माणसे आणून ठेवता. त्यांची घंटागाडी कोठून आणू?” आमच्याजवळ उत्तर नव्हते.

कायदा काय सांगतो? घनकचऱ्याचे जे नियम केंद्र सरकारने २०१६ साली केले, त्यांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरीच वेगळे करण्यास सांगितले होते. दोनशेहून अधिक सदनिकांच्या किंवा ५,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील गृहसंकुलांत कचरा निवडण्यास, साठवण्यास व जिरवण्यास स्वतंत्र जागा आराखड्यातच राखून ठेवावी, असेही म्हटले होते. राज्याची एकत्रित विकास नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. तिने ४,००० चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामाच्या संकुलात ओला कचरा शंभर टक्के आवारातच जिरवण्याची यंत्रणा सक्तीची केली. फार उत्तम. परंतु ४,००० चौरस मीटर म्हणजे सुमारे ४३,००० चौरस फूट. साधारण चाळीस-पंचेचाळीस मध्यम बिऱ्हाडे. कोल्हापूरची नेहमीची इमारत सोळा बिऱ्हाडांची! मुंबई-पुण्याच्या मापाचा अंगरखा आपल्या अंगावर टाकला आहे. त्याच्या बाह्यांत आपले हात पोहोचतच नाहीत. मोठी संकुले नियमात सापडतात. लहान इमारती एकेकट्या नियमाच्या खालून निघून जातात, आणि शहर तर या लहान इमारतींचेच बनले आहे. अशा सोळा इमारती म्हणजे दोनशे छप्पन्न बिऱ्हाडे. पण कागदावर ती कोठेच एकत्र येत नाहीत.

आणि जी सापडतात त्यांचे काय होते? बांधकाम करणारा एक चकचकीत यंत्र आणून बसवतो. भोगवटा-प्रमाणपत्र मिळते. वर्षभराने संस्था रहिवाशांच्या ताब्यात येते, विजेचे बिल येते, यंत्राचा एखादा भाग तुटतो, आणि यंत्रावर आच्छादन पडते. आम्हाला यंत्रांचा तिटकारा नाही. पण जी वस्तू चालवण्यास वीज, दुरुस्ती आणि जाणता मनुष्य ही तिन्ही लागतात, ती सोळा घरांच्या संस्थेच्या गळ्यात बांधू नये. उंच इमारतींत प्रत्येक मजल्यावरून पिशवी सोडण्याची नळी बसवण्याची हौस अलीकडे दिसते. तिच्याविषयी एवढेच सांगतो, की नळीतून पडताना सगळे एक होते. निवडण्याची सारी मेहनत तळाशी पोहोचेपर्यंत फुकट जाते, आणि नळी धुण्यास कोणी जात नाही.

मग करावे काय? येथे थोडा हिशेब करू. फळा नाही, पण कोल्हापूरकरांना तोंडी हिशेब अवघड नाही. ऐंशी बिऱ्हाडे घ्या. घरी चार माणसे, माणशी चारशे ग्रॅम. म्हणजे रोज १२८ किलो. त्यातला निम्म्याहून अधिक भाग ओला, समजा ७० किलो. सुके वजनाला कमी पण आकाराने फार, घरपोच येणाऱ्या मालाची खोकीच किती! तीन दिवसांचे सुके ठेवायचे तर बरीच जागा लागेल. निवडण्यास माणूस उभा राहिला पाहिजे, म्हणून दहा फूट बाय बारा फूट खोली धरू. ओल्यासाठी खड्डे किंवा जाळीच्या विटांचे हौद. खत होण्यास दीड-दोन महिने लागतात आणि रचलेला ढीग बसून निम्म्याहून कमी होतो. एकेक घनमीटरचे आठ हौद, त्यांच्यामधून जाण्यास वाट, वर छप्पर. तीनशे चौरस फुटांत बसते. दोन्ही मिळून सव्वाचारशे चौरस फूट. एक मोटार उभी करण्यास सव्वाशे-दीडशे चौरस फूट लागतात. म्हणजे ऐंशी घरांच्या कचऱ्याची किंमत तीन-चार मोटारींची जागा! आमच्या अनुभवाने सांगतो, खरा झगडा येथेच आहे. मोटारीची जागा विकता येते, कचऱ्याची येत नाही.

जागा किती यापेक्षाही ती कोठे, याला महत्त्व अधिक. माणूस दुचाकी काढण्यास जातो त्या वाटेवर ती असावी. पन्नास पावले आडवाटेने जावे लागले, तर पिशवी कोपऱ्यावरच पडणार. हा मनुष्यस्वभाव आहे आणि त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. खोलीत नळ हवा, फरशी उताराची हवी, आणि तेथले पाणी पावसाच्या गटारात नव्हे तर सांडपाण्याच्या नळात जावे. नाही तर ते जयंती नाल्यातून पंचगंगेस भेटते. दाराला जाळी हवी, रात्री दिवा हवा. टिपर आत येऊन वळेल एवढे फाटक हवे. आमच्याच एका इमारतीत फाटकाची कमान इतकी सुंदर आणि इतकी ठेंगणी केली होती, की टिपर आत येईना. अजून येत नाही. कामगाराला हात धुण्यास साबण आणि बसण्यास ओटा ठेवावा. ही शेवटची बाब कोणत्याही नियमावलीत नाही, आणि आमच्या जुन्या नकाशांतही नव्हती.

स्वयंपाकघरही विसरू नका. ओट्याखाली दोन डबे मावतील अशी जागा हल्लीच्या घरांत नसते. तेथे नळ्या आणि गॅसची टाकी असते. गृहिणीला ‘वेगळे करा’ म्हणून सांगायचे आणि डबा ठेवण्यास जागा द्यायची नाही, हा कोणता न्याय? ओट्याच्या आराखड्यातच दोन डब्यांचा खण करावा. मुलांची व बायकांची जी पॅड असतात, ती कागदात गुंडाळून त्यावर तांबडा ठिपका करावा, म्हणजे निवडणाऱ्या बाईचा हात त्यात जाणार नाही. पुण्यातल्या कचरावेचक स्त्रियांनीच लोकांना ही खूण शिकवली. त्या पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलण्यास सुरुवात केली. संस्थेच्या मालक त्या कामगार बायाच आहेत. ज्या जिल्ह्यात दूध आणि ऊस सहकाराने चालतो, तेथे कचऱ्याला सहकार का वर्ज्य असावा, ते आम्हाला समजत नाही. सुक्याचे मोल तर येथे कोणी शिकवायला नको. उद्यमनगर आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांत भंगार वितळूनच ओतीव काम होते.

ओल्याच्या बाबतीत मात्र आमच्या कोल्हापूरचे एक वैशिष्ट्य आहे, ते सांगितलेच पाहिजे. बुधवार-रविवारचा पांढरा-तांबडा रस्सा झाला की हाडे उरतात. पुस्तकातल्या हौदात हाडे घालू नयेत असे लिहिलेले असते. पुस्तक लिहिणारा कोल्हापूरचा नसणार. हाडे खोल पुरून वर उसाचे पाचट आणि कोरडी माती दाबली, तर कुत्री फिरकत नाहीत. पाचट येथे हवे तेवढे मिळते. देवळांतून निघणाऱ्या नारळाच्या शेंड्याही त्या कामी उत्तम. त्या ओल धरून ठेवतात आणि हवाही खेळू देतात.

आता सोळा बिऱ्हाडांच्या इमारतींचे. आमची सूचना अशी, की इमारतीचा नकाशा पाहण्याऐवजी रेखांकन मंजूर होतानाच जागा ठरावी. ४,००० चौरस मीटरच्या वरच्या रेखांकनात दहा टक्के उघडी जागा सोडावीच लागते. तिला लागून, बागेच्या कडेला, पाच-सहा इमारतींचे मिळून हौद असावेत; आणि मंजुरीच्या कागदावर ज्या ग्रामपंचायतीने वा महापालिकेने केर उचलायचा तिच्या आरोग्य खात्याची सही असावी. बाग ही बाग राहिली पाहिजे, खेळण्याची जागा घटता कामा नये, असा आक्षेप येतो. तो योग्य आहे. म्हणून त्या हौदांची जागा दहा टक्क्यांत न धरता वेगळी मागावी. जमीनमालक कुरकुर करतील. करोत.

हे होऊ शकते का? वेंगुर्ल्याच्या लोकांना विचारा. त्या लहानशा नगरपरिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना घरोघर वर्गवारी बसवली आणि कचऱ्याच्या डेपोचे असे रूप पालटले, की लोक तो पाहण्यास सहलीने जाऊ लागले.

आमच्या स्वतःच्या हातून झालेली गोष्ट फार लहान आहे. शहराच्या दक्षिणेस शेजारी-शेजारी तीन इमारती आहेत. तिन्हींचे नकाशे आमचे, आणि तिन्हींतला तो जिन्याखालचा चौकोनही आमचाच. २०१९ च्या पुरानंतर शहरात भिजलेल्या गाद्या आणि कपाटांचे जे ढीग रस्तोरस्ती पडले, ते पाहिल्यावर तेथील काही मंडळी आमच्याकडे आली. तिन्ही इमारतींमधील एक भिंत पाडून मधल्या पट्टीत सहा हौद बांधावे असे ठरले. हौद आठ दिवसांत झाले. भिंत पाडण्यास चौदा महिने लागले, कारण ती कोणाच्या हद्दीत येते यावर तिन्ही संस्थांच्या सभा झाल्या. अखेर पडली. पहिले खत निघाले, तेव्हा ते कोणाचे यावरही एक सभा झाली! आता दर दोन महिन्यांनी जवळचा एक ऊस-बागायतदार पोती घेऊन येतो, आणि ज्या बाई हौद पाहतात त्यांच्या हाती पैसे देऊन जातो. हौदांच्या खोलीची किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. सध्या ती त्या बाईंकडेच आहे. चौथ्या इमारतीचे चिटणीस गेल्या महिन्यात येऊन मोजमाप घेऊन गेले. त्यांच्या बाजूची भिंत विटांची नसून दगडी आहे.